थ्री-नॉट-थ्रीच्या भरवशावर

माझी सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, त्यामुळे थ्री-नॉट-थ्रीची गोळी मला चांगली ठाऊक. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास, आत शिसं, वर धातूचं पातळ कवच. पायदळाच्या रायफलीत ती नामी. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लँकॅस्टरसारख्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची राखण याच गोळीवर सोपवली, हे मला आजही पचत नाही.

लँकॅस्टर ओझं वाहण्यासाठीच घडलं होतं. रॉय चॅडविकनं आखलेल्या या विमानाचा बॉम्बकक्ष 33 फूट लांब, मध्ये आडकाठी नाही. नेहमीच्या फेरीत 4,000 पौंडांचा एक ‘कुकी’ आणि बाकी चार-चार पौंडांचे आगलावे बॉम्ब. कुकीनं छपरं नि खिडक्या उडवायच्या, मग आगलाव्यांनी आतलं घर पेटवायचं. शहर जाळायचा हा हिशोब होता, त्याला दुसरं नाव देऊ नये.

आणि राखणीला आठ मशिनगन : नाकाशी दोन, पाठीवर दोन, शेपटीत चार, सगळ्या फिरत्या बुरुजांत. समोर जर्मनांच्या 20 मिलिमीटरच्या तोफा, त्यांचा मारा या मशिनगनपेक्षा लांबचा. बहुतेक लँकॅस्टरना पोटाखाली बंदूकच नव्हती. जर्मनांनी हे हेरलं, तिरप्या वर रोखलेल्या तोफा बसवल्या आणि अंधारात खालून येऊन पंखातल्या पेट्रोलच्या टाक्या फोडू लागले. बॉम्बकक्ष ते टाळत. तो फुटला तर तेही उडाले असते.

बंदुका मोठ्या हव्या होत्या, एवढंच म्हणून भागत नाही. अमेरिकनांच्या बी-17जी विमानावर अर्ध्या इंचाच्या तेरा बंदुका होत्या. त्या वजनापायी बॉम्ब कमी न्यावे लागत. तरीही 14 ऑक्टोबर 1943 ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या 291 बी-17 विमानांपैकी 60 परतली नाहीत.

फ्रीमन डायसन हा पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा विशीतही नव्हता. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात तो आकडेमोड करी. मुरलेली विमानपथकं नवख्यांइतकीच मरत होती, म्हणजे हल्लेखोर बहुतेकांना दिसतच नव्हता. बुरूज काढा, वेग ताशी 50 मैलांनी वाढेल आणि विमान पडलंच तर दोन माणसं कमी मरतील, असं त्याचं मत. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही. जन्मभर काडतुसं तपासलेला मीही डायसनच्याच बाजूचा. मात्र शेपटीतल्या गनरचे डोळे कामाचे होते. त्यानं वेळेवर ओरडून सांगितलं, तर वैमानिक विमान मळसूत्रासारखं फिरवत खाली घाली आणि निसटे. बंदुकीनं तेवढं क्वचितच साधलं.

डायसनच्या कचेरीला आणखी एक गोष्ट सापडली. पाडलेल्या अमेरिकन विमानांतली निम्मी माणसं उडी मारून वाचत, लँकॅस्टरमधली शंभरात पंधरा. उडीचं झाकण 22 इंच रुंद, माणूस जाडजूड कपड्यांत, छातीला पॅराशूट. त्याच्या एका सहकाऱ्यानं ते रुंद करण्यासाठी दोन वर्षं अर्जविनंत्या केल्या. मंजुरी येईपर्यंत युद्ध संपत आलं होतं.