चोळीबांगडीपासून सातबाऱ्यापर्यंत

माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी मंडळाच्या भगिनींनी ‘तुम्ही चार ओळी लिहाच’ असा आग्रह धरला, म्हणून हा लहानसा इतिहास. चुकल्यास सांभाळून घ्यावे.

खराडी हे पूर्वी मुळा-मुठेच्या काठचे शेतीचे गाव. आमच्या आजेसासूबाई येथेच 1949 साली विधवा झाल्या. पदरी चार वर्षांचा मुलगा. 1937 सालच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला होता, परंतु तो हयातीपुरता. उत्पन्न खावे, मनाप्रमाणे विकावयाचे नाही, मृत्युपत्राने कोणाला द्यावयाचे नाही. आजेसासूबाईंना तेवढेही कोणी सांगितले नाही. दिरांनी सालाची ज्वारी व चोळीबांगडी द्यावी आणि यांनी ती मान खाली घालून घ्यावी, असा रिवाज होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल पुढे रेटले. ते रखडले. 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यात हे एक मोठे कारण होते. बायकांच्या हक्कासाठी मंत्र्याने खुर्ची सोडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पुढे 1956 साली हिंदू वारसा कायदा झाला. स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली व बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलगा जन्मतःच हिस्सेदार, मुलगी नाही.

हे आपल्या महाराष्ट्राने 1994 साली बदलले. पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ती अट 2005 च्या दिल्लीच्या कायद्याने गेली. त्या वेळी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला.

आता माझीच गोष्ट. थोरल्या बहिणीचे लग्न 1991 चे, माझे 1998 चे. म्हणजे मला 1994 चाच कायदा लागू होता! वडील 2003 साली वारले. तेराव्यानंतर भावाने कागद पुढे केला. दोघींनी सही केली, साडीचोळी घेतली व जेवून परतलो. मी कागद वाचला नाही. वाचता येत होते, पण वाचायला मागितला तर माहेर तुटेल ही भीती होती. ते हक्कसोडपत्र होते. कायदा बदलला म्हणून नोंदवलेले हक्कसोडपत्र आपोआप रद्द होत नाही. इकडे गाव पुणे महापालिकेत गेले, आयटी पार्क आले, जमिनीला सोन्याचे मोल आले. तसतसे हे कागदही वाढले.

भावाला मी दोष देत नाही. दुःख आईचे आहे. तिनेही त्याच दिवशी अंगठा दिला होता. आज ती चार महिने भावाकडे, चार माझ्याकडे, चार बहिणीकडे असते, आणि पिशवी कधी पूर्ण उघडत नाही. 2007 साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो व महिना 10,000 रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. सांभाळण्याच्या अटीवर त्यानंतर दिलेले घर, सांभाळ न केल्यास, रद्द करून मागता येते. ती अट कागदात लिहून घ्यावी. पण आई म्हणते, “पोरावर अर्ज करू होय?”

मृत्युपत्राला लोक उगाच भितात. पूर्वी 1953 ते 1985 मोठ्या मिळकतींवर मृत्युकर होता. आज वारशाने मिळालेल्यावर तो नाही. पुढे विकल्यास नफ्यावर कर पडतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात; नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी मृत्युपत्र केले. त्यात नणंदेचे नाव आपणहून घातले. वकील मसुदा वाचून दाखवीत असता सासूबाई कधी नव्हे त्या मध्येच बोलल्या, “देवघराजवळची खोली मरेपर्यंत माझी, असं लिवा.” वकिलांनी तसे लिहिले. सासूबाईंनी ती ओळ पुन्हा वाचावयास लावली.