तिलिस्माची लौह आणि कुरापिकाची साखळी

मंगा-अ‍ॅनिमेत लॉजिक नसतं, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. उलट विचारतो, ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त तरी होतं का? समोरच्यानं बहुतेक वेळा ते वाचलेलं नसतं. आपल्याच घरची गोष्ट असूनही.

माझी आवडती मंगा ‘हंटर × हंटर’. योशिहिरो तोगाशींनी ती १९९८ मध्ये सुरू केली. तिच्यातल्या कुरापिकाच्या जमातीची एका टोळीनं कत्तल केलेली आहे. बदल्यासाठी तो एक साखळी मिळवतो, पण अट घालून: ही साखळी त्या टोळीबाहेरच्या कुणावर चालवली तर जीव जाईल. अट जितकी जीवघेणी, तितकी ताकद मोठी. मग पुढची प्रत्येक लढाई आपण ती अट लक्षात ठेवून वाचतो.

आता होशरुबा घ्या. जादूगारांचा बादशहा अफरासियाब नुसत्या तलवारीनं हरणार नाही. तिलिस्म कोण फोडणार हे ठरलेलं आहे आणि ते कसं फोडायचं हे लौहवर, म्हणजे एका पाटीवर, आहे. ती आधी मिळवायला हवी. अमीर हमजाला इस्म-ए-आझम ठाऊक, त्यामुळे त्याच्यावर जादू चालत नाही. म्हणून जादूगारांची पहिली खटपट त्याला ते नाव विसरायला लावण्याची. (नाव हजरत हमजा यांचं, बाकी सगळी कल्पना.) नियम आधी सांगायचा आणि मग त्यातून वाट काढायची, हेच तर लॉजिक.

दास्तानगो हे तोंडी सांगत. लखनौच्या नवल किशोर प्रेसनं होशरुबाचे सात खंड १८८३ ते १८९३ या काळात छापले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, उरलेले अहमद हुसैन कमर यांचे. हमजाची सगळी दास्तान मिळून ४६ खंड!

जपानात ‘कोदान’ नावाची अशीच कला होती. छोट्या मेजामागे बसून, त्यावर कागदी पंखा आपटत, सामुरायांच्या लढाया सांगायच्या आणि ऐन रंगात थांबायचं, म्हणजे लोक उद्या परत येतात. १९११ मध्ये सेइजी नोमा यांनी या कथा छापणारं मासिक काढलं. दोन वर्षांत कथेकरी रुसले: शेजारच्या पानावर दुसऱ्या, त्यांच्या मते हलक्या कलेच्या कथा का? त्यांनी कथा देणं बंद केलं. नोमांनी माघार घेतली नाही, लेखकांना बसवून नवे ‘कोदान’ लिहून घेतले. तीच आजची कोदान्शा. ‘अटॅक ऑन टायटन’ २००९ मध्ये तिच्याच मासिकात सुरू झाली.

आपल्याकडे छापखाना होता, गोष्टही होती. नवे लेखक मात्र दुसरीकडे वळले. होशरुबाचा शेवटचा खंड आला त्याच १८९३ साली हालींचा ‘मुकद्दमा’ही आला. त्यांचा रोख शायरीवर होता, पण साधेपणा आणि वास्तव मागणाऱ्या त्या अभिरुचीत दास्तानला जागा उरली नाही. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि जुन्या दास्तानगोंची परंपरा तिथे थांबली.

दास्तान सगळी सुरेख आहे असं नाही. हरलेल्या जादूगारामागून त्याहून मोठा जादूगार येतो, मग आणखी मोठा. मी सरळ पानं उलटतो. ‘ड्रॅगन बॉल’चंही (१९८४ ते १९९५, ५१९ प्रकरणं) तेच. ‘शोनेन जंप’ तेव्हा वाचकांच्या पोस्टकार्डांवरून मालिकेचं आयुष्य ठरवत असे. गाजतंय तोवर थांबायचं कसं? हिरोमु आराकावांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ मात्र २०१० मध्ये योग्य जागी थांबली. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यायचं, हा तिचा एकच नियम शेवटच्या सौद्यापर्यंत पाळला जातो. मी तिला त्या दोन्हींच्या वर ठेवतो.

अमर अय्यारच्या झंबिलीत अख्खी दुनिया मावते. हवं ते काढा, हवं ते कोंबा. हमजा नावाची मुलं आपल्याकडे आजही घरोघर आहेत. त्यांना डोरेमॉनचा खिसा पाठ आहे. झंबील म्हणजे काय, ते त्यांच्या अब्बांनाही विचारून पाहा.