सय्यद नईमुद्दीन : एका बचावपटूची कहाणी

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारी मेल आमच्या गोंदियाला थांबते. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा होते. रोव्हर्स चषकाचे दिवस आले की ते म्हणत, कलकत्त्याचे खेळाडू याच रुळांवरून कूपरेजला जातात आणि तुम्ही पोरे गोट्या खेळत बसता. कोण कोण गेले, कोणत्या गाडीने गेले, हे आम्ही कधी पडताळून पाहिले नाही. पण चाचांच्या तोंडून ऐकलेली नावे लक्षात राहिली. त्यांतले एक नाव गोल करणाऱ्यांपैकी नव्हते. ते गोल होऊ न देणाऱ्याचे होते : सय्यद नईमुद्दीन.

गोंदिया हा धानाचा आणि विडीचा मुलूख. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला. पुढे याच जिल्ह्याचे प्रफुल्ल पटेल २००९ ते २०२२ या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, म्हणजे देशाच्या फुटबॉलची खुर्ची तेरा वर्षे आमच्याकडे होती. पण मैदानाची कहाणी सांगायची तर आम्हाला हैदराबादला जावे लागते. आणि हैदराबाद मराठी मुसलमानाला परके नाही. १९५६ पर्यंत अवघा मराठवाडा त्याच राज्यात होता.

आपल्या समाजाचा इतिहास लिहायला बसलो की आपण बादशहांवर आणि दंग्यांवर येऊन थांबतो. फार तर सूफी आणि शायर. मैदानातल्या माणसांकडे आपण पाहिलेच नाही. कलकत्त्याची फुटबॉल लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब मोहमेडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षे तो जिंकत राहिला. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर तेव्हा गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. ती १९३७ साली मोडली ती बंगलोर मुस्लिम्स या संघाने. १९४० मध्ये मोहमेडनने रोव्हर्स आणि ड्युरँड हे दोन्ही चषक जिंकले. हे सारे आपल्याच कूपरेजच्या आणि दिल्लीच्या मैदानांवर घडले, पण आपल्या किती घरांत ते सांगितले जाते?

मग १९४८ साल आले. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद आणि मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुजरले, ते मराठवाड्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, हैदराबाद सिटी पोलीस या संघाने रोव्हर्स जिंकला आणि १९५४ पर्यंत सलग पाच वेळा तो हातचा जाऊ दिला नाही. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. मान खाली घालून वावरणाऱ्या शहराला या संघाने काय दिले असेल, याचा हिशेब चषकांच्या आकड्यात मांडता येत नाही. २०२४ साली 'मैदान' चित्रपट आला म्हणून रहीमसाहेब नव्या पिढीला कळले. नईमसाहेबांवर अजून असा चित्रपट यायचा आहे.

नईमुद्दीन १९४४ साली हैदराबादेत जन्मले आणि तिथल्याच पोलीस संघातून वर आले. रहीमसाहेब १९६३ मध्ये गेले. त्यामुळे नईम खऱ्या अर्थाने पुढच्या पिढीचे. त्या काळी आपल्याकडे आजच्यासारखा व्यावसायिक फुटबॉल नव्हता. राष्ट्रीय लीगच मुळी १९९६ मध्ये सुरू झाली. खेळाडू पोलिसात, रेल्वेत, बँकेत चिकटायचा आणि त्या नोकरीच्या आधाराने खेळायचा. किंवा कलकत्त्याला जायचा, कारण तिथे क्लब होते, प्रेक्षक होते आणि कागदावर न दिसणारा पैसाही होता. नईम १९६६ साली ईस्ट बंगालकडे गेले. मग मोहन बागान, पुन्हा ईस्ट बंगाल, आणि शेवटी मोहमेडन स्पोर्टिंग. कलकत्त्याचे तिन्ही मोठे क्लब त्यांनी पाहिले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या क्लबांच्या चाहत्यांनी एकाच माणसाला आपले म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे.

ते खेळत मधल्या बचावात. ही जागा थोडी समजून घेतली पाहिजे. पुढच्या फळीतला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे तोंड करून धावतो. त्याचे नव्वद टक्के चुकले तरी एक गोल त्याला तारून नेतो. बचावपटूचे गणित उलटे. तो सारा सामना अचूक खेळला आणि एकदा पाय घसरला, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेवढेच येते. मात्र त्याला एक फायदा असतो. स्वतःचे दहा आणि समोरचे अकरा यांतले बहुतेक सगळे त्याच्या डोळ्यांपुढे असतात. कोण जागा सोडतो, कोण दमला, चेंडू कुठे येणार, हे त्याला सगळ्यांत आधी दिसते. शिवाय ओरडून सांगायचे कामही त्याचेच. आमच्या मते चांगले प्रशिक्षक पुष्कळदा या जागेवरून निघतात ते यामुळेच. १९६२ च्या सुवर्णसंघातले बचावपटू अरुण घोष आणि जर्नैल सिंग हेही पुढे प्रशिक्षणाकडे वळले. (त्या जर्नैल सिंगांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते, तेव्हा रहीमसाहेबांनी त्यांना बचावातून काढून थेट आघाडीला खेळवले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. असा जुगार खेळाडूची नस ठाऊक असलेला माणूसच खेळू शकतो.)

डिसेंबर १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत नईमुद्दीन भारताचे कर्णधार होते. उपांत्य फेरीत ब्रह्मदेशाने भारताला हरवले. ब्रह्मदेश आणि दक्षिण कोरिया यांना सुवर्णपदक विभागून मिळाले. कांस्यपदकासाठी गाठ पडली ती जपानशी. त्या जपानने दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकले होते. भारताने हा सामना १-० असा घेतला. एक गोल करायचा आणि तो शेवटपर्यंत राखायचा, असा हा विजय. अशा सामन्यात बचावफळीने काय सोसले असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार नईमसाहेबांना मिळाला. आशियाई स्पर्धेत त्यानंतर भारताला फुटबॉलचे पदक मिळालेले नाही. पन्नास वर्षे उलटून गेली, शेवटचा पदकविजेता कर्णधार अजून तोच आहे.

खेळ संपल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. शिस्तीचे अतिशय कडक, असा त्यांचा लौकिक होता. त्यामुळे काही खेळाडू नाराज राहत, आणि क्लबांच्या कारभाऱ्यांशी त्यांचे फार दिवस पटतही नसे. आम्ही त्यांना संत ठरवायला निघालेलो नाही. शिस्त कधी कधी जाचही होते. पण निकाल पाहावेत. १९९० च्या हंगामात त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने ड्युरँड, रोव्हर्स आणि आयएफए शील्ड हे तिन्ही चषक जिंकले. त्याच वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. खेळाडू म्हणून अर्जुन आणि गुरू म्हणून द्रोणाचार्य, असे दोन्ही मान मिळवणारे भारतीय फुटबॉलमधले ते पहिलेच.

राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आली. १९९७ साली काठमांडूत भारताने सॅफ स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात मालदीवला ५-१ हरवून. बांगलादेशातही त्यांनी ब्रदर्स युनियन हा ढाक्याचा क्लब आणि पुढे त्या देशाचा राष्ट्रीय संघ शिकवला.

आम्हाला खरे बोलायचे आहे ते २००५-०६ च्या हिवाळ्याबद्दल. डिसेंबर २००५ मध्ये सॅफ स्पर्धा कराचीत झाली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० हरवले. पाकिस्तानात जाऊन भारताचा संघ चषक घेऊन आला आणि त्याचा प्रशिक्षक हैदराबादचा मुसलमान होता, या गोष्टीचा कुठे गाजावाजा झाला नाही. झाला नाही हे एका अर्थी बरेच, कारण त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते. पण नंतर काय झाले? २२ फेब्रुवारी २००६ रोजी आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत जपानने त्यांच्या घरी भारताला ६-० असे धुतले. आठवड्यानंतर दिल्लीत येमेनकडून ०-३ हार. नईमसाहेबांचे पद गेले आणि इंग्लंडचे बॉब हॉटन आले. चषकापासून गच्छंतीपर्यंत तीन महिनेही गेले नाहीत.

०-६ चा बचाव आम्ही करणार नाही. पण १९७० चा जपान आणि २००६ चा जपान यांत मधली छत्तीस वर्षे होती. १९९३ साली जपानने व्यावसायिक लीग उभारली, गावोगावच्या शाळांतून पोरे घडवली. आपण मात्र त्याच काळात रोव्हर्ससारखी जुनी स्पर्धा २००१ च्या सुमारास बंद पडू दिली. ती छत्तीस वर्षे एका प्रशिक्षकाच्या खात्यावर टाकणे सोपे होते. मागच्या फळीत उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते तेच हे. मधली फळी चेंडू गमावते आणि गोल झाल्यावर सगळे त्याच्याकडे पाहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. हे मधल्या फळीतले, बचावाकडचे नव्हेत. पण मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, मुंबई एफसीला वर्षानुवर्षे सांभाळलेले आणि २०१७ साली मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिलेले. आल्या आल्या त्यांच्या संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. मोहल्ल्यात आनंद झाला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरने भारताला हरवले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही ०-१.

त्या रात्री चौकातल्या चहाच्या टपरीवर पोरे म्हणू लागली, आता याला काढा. आम्ही त्यांना २००६ ची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांतल्या एकाने मोबाइलमधून मान वर करून विचारले, "चाचा, ये नईमुद्दीन कौन?" घरी येऊन आम्ही हा लेख लिहायला घेतला.