शॉर्ट सेलिंग : छोट्या कंपनीतील मंदीच्या सौद्यांचा आकडा कसा वाचावा?

आधी खरेदी आणि मग विक्री हा शेअर बाजारातील सर्वसामान्य गुंतवणूकदाराचा परिपाठ असतो. शॉर्ट सेलिंगमध्ये हा क्रम उलटा होतो. भाव घसरेल अशी अटकळ बांधून मंदीवाला आपल्याजवळ नसलेला शेअर उसना घेतो, तो बाजारात विकतो आणि पुढे स्वस्तात खरेदी करून मूळ मालकाला परत करतो. दोन भावांमधील फरकातून उसनवारीचे शुल्क वजा जाता उरतो तो त्याचा नफा. हा प्रकार नवा नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरमध्ये १६०९ मध्ये असे सौदे झाले आणि लगेच १६१० मध्ये तेथील सरकारने त्यांवर निर्बंध आणले.

मर्यादित नफा, अमर्याद तोटा

शंभर रुपयांना विकलेला शेअर शून्यावर आला तरी मंदीवाल्याला जास्तीत जास्त शंभर रुपयेच मिळतात. मात्र तोच शेअर चारशेवर गेला तर त्याचा तोटा तीनशे रुपयांचा होतो. भाव किती वाढावा याला मर्यादा नसल्याने तोट्यालाही मर्यादा राहत नाही. भाव चढू लागला की दलाल वाढीव मार्जिन मागतो. ते भरता आले नाही तर मिळेल त्या भावात शेअर घेऊन सौदा कापावा लागतो. मंदीवाल्यांच्या या नाइलाजाच्या खरेदीमुळे भाव आणखी चढतो आणि उरलेले मंदीवालेही अडचणीत येतात. बाजाराच्या भाषेत यालाच ‘शॉर्ट स्क्वीझ’, म्हणजेच मंदीवाल्यांची कोंडी म्हणतात.

आकड्याचा अर्थ

विकले गेलेले, पण अद्याप परत न केलेले एकूण शेअर म्हणजे ‘शॉर्ट इंटरेस्ट’. अमेरिकेत हा आकडा महिन्यातून दोनदा प्रसिद्ध होतो. केवळ संख्येवरून मात्र काही कळत नाही. ती दोन मापांनी तोलावी लागते.

समजा, एका कंपनीचे १ कोटी शेअर आहेत. त्यातील ४० लाख प्रवर्तकांकडे असून ६० लाख बाजारात फिरतात. शॉर्ट इंटरेस्ट १२ लाख असेल, तर फिरत्या शेअरच्या तुलनेत हे प्रमाण २० टक्के होते. हे झाले पहिले माप. रोजची सरासरी उलाढाल दीड लाख शेअरची असेल, तर सर्व मंदीवाल्यांना बाहेर पडण्यास किमान ८ दिवसांची संपूर्ण उलाढाल लागेल. हे दुसरे माप. छोट्या कंपनीत फिरते शेअर थोडे आणि उलाढाल तुटपुंजी असल्याने ही दोन्ही मापे झपाट्याने फुगतात. बाहेर पडण्याचे दार अरुंद आणि गर्दी मोठी, अशी ही स्थिती असते. शिवाय उसने शेअर दुर्मीळ झाले की त्यांचे शुल्क वाढते आणि मालकाने शेअर परत मागितल्यास सौदा अवेळी कापावा लागतो.

गेमस्टॉपचा धडा

व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘गेमस्टॉप’ या अमेरिकी साखळी दुकानांच्या कंपनीत २०२१ च्या प्रारंभी शॉर्ट इंटरेस्ट फिरत्या शेअरच्या शंभर टक्क्यांहून अधिक होता. शंभर टक्क्यांहून अधिक कसा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उसना घेऊन विकलेला शेअर नव्या खरेदीदाराच्या खात्यात जातो आणि तेथून तो पुन्हा उसना दिला जाऊ शकतो. एकच शेअर असा दोनदा मोजला जातो. त्यामागे गैरप्रकार असलाच पाहिजे असे नाही.

२०२० च्या अखेरीस सुमारे १९ डॉलर असलेला हा शेअर २७ जानेवारी २०२१ रोजी ३४७ डॉलरवर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी व्यवहारादरम्यान ४८३ डॉलरपर्यंत गेला. मंदीत उतरलेल्या मेल्विन कॅपिटल या फंडाला २७५ कोटी डॉलरची तातडीची मदत घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये त्याने गाशा गुंडाळला. परंतु फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात भाव ६० डॉलरखाली आला आणि शिखरावर खरेदी केलेल्या छोट्या गुंतवणूकदारांचे हात पोळले. अमेरिकी बाजार नियामकाच्या ऑक्टोबर २०२१ च्या अहवालाने यावर महत्त्वाचा प्रकाश टाकला. मंदीवाल्यांची खरेदी लक्षणीय असली तरी एकूण खरेदीत तिचा वाटा लहानच होता. भाव अनेक आठवडे चढा राहिला तो इतरांच्या उत्साहामुळे. हा उत्साह ओसरला की भावाला आधार उरत नाही.

आकडा काय सांगत नाही?

मोठा शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे भाव उसळणारच, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. मंदीवाले पुष्कळदा ताळेबंद बारकाईने तपासूनच उतरतात. एन्रॉनमधील दोष जिम चॅनॉस यांनी २००१ मध्ये कंपनी कोसळण्यापूर्वीच हेरले होते. दुसरीकडे, प्रत्येक शॉर्ट सौद्यामागे मंदीचे मत असतेच असेही नाही. परिवर्तनीय रोखे घेणारे अनेक जण जोखीम कमी करण्यासाठी त्याच कंपनीचे शेअर विकतात. तसेच दिवसभरातील शॉर्ट विक्री आणि शॉर्ट इंटरेस्ट यांत गल्लत करू नये. दिवसाच्या आकड्यात त्याच दिवशी कापलेले सौदेही येतात. शॉर्ट इंटरेस्ट ही शिल्लक असते. आकडा प्रसिद्ध होईपर्यंत काही दिवस उलटलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडील स्थिती

मुंबई शेअर बाजारात बदला पद्धतीच्या काळात शेअरची चणचण झाली की मंदीवाल्यांना ‘उंधा बदला’ मोजावा लागे. बदला पद्धत जुलै २००१ मध्ये संपुष्टात आली. शेअर उसने देण्या-घेण्याची सध्याची व्यवस्था एप्रिल २००८ मध्ये सुरू झाली. ‘सेबी’च्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार शेअर प्रत्यक्ष हवाली करण्याची सोय नसताना केलेली उघडी विक्री निषिद्ध आहे आणि शॉर्ट सेलिंगला वायदा व्यवहारांत समाविष्ट शेअरमध्येच मुभा आहे. बहुतांश छोट्या कंपन्या त्या यादीत नसतात.

अशा शेअरमध्ये काही जण सकाळी विकून दुपारी घेण्याचा दिवसापुरता खेळ करतात. खरी जोखीम येथेच आहे. भावाला वरचे सर्किट लागले की विक्रेताच मिळत नाही आणि सौदा कापता येत नाही. मग शेअर लिलावातून घेतले जातात आणि चढा भाव व दंड विक्रेत्याच्या माथी बसतो. लिलावातही शेअर न मिळाल्यास बंद भावाहून २० टक्के अधिक दराने हिशेब चुकता करण्याची वेळ येऊ शकते.

छोट्या कंपनीचा शेअर बाळगणाऱ्याने म्हणूनच शॉर्ट इंटरेस्टकडे भविष्यवाणी म्हणून न पाहता धोक्याची सूचना म्हणून पाहावे. आकडा वाढलेला दिसला तर कंपनीचे कर्ज, रोख रक्कम, प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर आणि लेखापरीक्षकांचे शेरे पुन्हा एकदा वाचून काढावेत. मंदीवाल्यांचा आक्षेप खरा की खोटा, याचे उत्तर बहुतेकदा त्या कागदपत्रांतच सापडते.