टूल्यो आविष्कार
मोठा आवाज कानी पडताच भोवळ येणे व डोळ्यांची अनैच्छिक हालचाल होणे, या लक्षणास ‘टूल्यो आविष्कार’ म्हणतात. अंतर्कर्णातील ऊर्ध्व अर्धवर्तुळाकृती नलिकेवरील अस्थी-आवरणास छिद्र असल्याने होणाऱ्या एका विरळा विकाराचे ते महत्त्वाचे गमक आहे.

अर्धवर्तुळाकृती नलिकांना इजा झाल्यास श्रवण नव्हे, तर शरीराचा तोल बिघडतो, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लूरांस यांना १८२४ च्या सुमारास कबुतरांवरील प्रयोगांत आढळले. भोवळ अंतर्कर्णातूनही उद्भवते, असे प्रॉस्पेर मेन्येर यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे प्रतिपादिले. जी नलिका उद्दीपित होते तिच्या प्रतलातच डोळे फिरतात, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ एव्हाल्ट यांनी १८९२ मध्ये मांडला. पुढे इटालियन शास्त्रज्ञ प्येत्रो टूल्यो यांनी कबुतरांच्या नलिकांच्या अस्थीस छिद्र पाडले, तेव्हा आवाजासरशी पक्ष्यांची डोकी व डोळे त्याच नलिकेच्या प्रतलात वळू लागले. हे प्रयोग त्यांच्या १९२९ च्या ग्रंथात वर्णिले आहेत.

मानवातील या लक्षणाचा उलगडा मात्र बराच काळ अपुरा राहिला. काही रुग्णांना स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, तसेच नाडीचे ठोके, पावलांचा आवाज, इतकेच नव्हे तर बुबुळांची हालचालही ऐकू येते. खोकल्याने वा शिंकरल्याने भोवळ येते. अशा तक्रारी मानसिक समजल्या जाण्याचा संभव असे. १९९८ मध्ये बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील लॉइड मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रुग्णांचे डोळे ऊर्ध्व नलिकेच्या प्रतलात फिरत असल्याचे पाहून त्यांनी दोषाचे स्थान ताडले व सीटी स्कॅनमध्ये तेथील छिद्र दिसून आले.

निरोगी अंतर्कर्णात ध्वनीचा दाब अंडाकृती व गोल या दोन गवाक्षांमध्ये वाहतो. छिद्रामुळे तिसरे गवाक्ष निर्माण होऊन दाबाचा काही भाग नलिकेतील द्रवास हालवितो व भोवळ येते. त्याच वाटेने शरीरांतर्गत ध्वनीही अधिक स्पष्ट ऐकू येतात. एक हजार शंखास्थींच्या तपासणीत (२०००) सुमारे ०·५ टक्के अस्थींत असे पूर्ण छिद्र आढळले.

सौम्य विकारात मोठे आवाज टाळणे पुरेसे होते. तीव्र विकारात शस्त्रक्रियेने नलिका बुजवितात किंवा छिद्र झाकतात. रुग्णाची चमत्कारिक वाटणारी तक्रार नीट ऐकून घेणे, हेच या विकाराच्या निदानातील पहिले पाऊल होय.