सहा पायांच्या नायकाची कुळकथा

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पडक्या बारच्या इमारतीत रॉजर सॅम्स नावाचा कीटकशास्त्रज्ञ भाड्यानं राहतो. संशोधनासाठी मिळालेली रक्कम हडप करून तो पळून जायच्या बेतात आहे. घरमालक एडी भाड्यासाठी मागे लागलाय. अशात आईच्या जुन्या लॉकेटातून काहीतरी अघटित घडतं आणि रॉजरचं झुरळ होतं. इथून पुढे खेळाडूला जे काही करायचं ते झुरळ होऊनच: त्याच इमारतीच्या फरशांवरून, नळांवरून, कपाटांच्या पाठींवरून.

‘बॅड मोजो’ हा गेम १९९६ साली आला. पल्स एंटरटेनमेंटनं तो तयार केला आणि अक्लेमनं बाजारात आणला. २००४ मध्ये गॉट गेम या प्रकाशन संस्थेनं ‘बॅड मोजो रिडक्स’ या नावानं तो पुन्हा काढला, आणि पुढे नाइटडाइव्ह स्टुडिओजनं डिजिटल दुकानांत उभा केला. मुंग्या, कोळी, डास असे नायक असलेले गेम या क्षेत्रात बरेच झाले. तरीही कीटकाच्या नजरेतून जग दाखवण्याचा विषय निघाला की जाणकार आजही या जुन्या झुरळाकडे वळतात. त्याचं कारण त्याच्या पूर्वजांत सापडतं.

थोरला पूर्वज उघड आहे. रॉजर सॅम्स हे नाव फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेतल्या, किडा झालेल्या ग्रेगोर सॅम्सावरून घेतलंय आणि एडीच्या मांजराचं नाव आहे फ्रान्झ. काफ्कानं ती कथा १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लिहिली, ती छापून आली १९१५ मध्ये. तेव्हा काफ्कानं प्रकाशकाला पत्र पाठवून कळवळून विनंती केली होती की, मुखपृष्ठावर किडा काढू नका, अगदी दुरूनसुद्धा दाखवू नका. चित्रच हवं असेल तर उजेडात बसलेले आईवडील आणि बहीण दाखवा, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं उघडं दार. चित्रकार ओटोमार स्टार्कनं मग अर्धवट उघड्या दाराकडे पाठ करून चेहरा झाकून घेतलेला माणूस काढला.

काफ्काला किडा दाखवायचा नव्हता, कारण त्याला किडा भोगायला लावायचा होता. ती गोष्ट आता वाचताना जाणवतं की तिचा केवढा तरी भाग निव्वळ हालचालींनी भरलेला आहे. पाठीवर उताणा पडलेला ग्रेगोर पलंगावरून उतरू शकत नाही, कारण पाय असंख्य आहेत आणि एकही त्याचं ऐकत नाही. दार उघडायला हात नाहीत, म्हणून तो जबड्यात किल्ली धरून ती फिरवतो आणि त्यात तोंड दुखावून घेतो. पुढे त्याला भिंतीवर आणि छताला चिकटून फिरण्याची गोडी लागते, आणि फिरायला जागा व्हावी म्हणून बहीण खोलीतलं सामान हलवू लागते. माणसाचं मन तसंच आणि अंग मात्र दुसरंच, या बेबनावातून सगळी कथा उभी राहते. ‘बॅड मोजो’नं काफ्काकडून नावं घेतली हे सगळ्यांच्या लक्षात येतं, त्याहून मोलाची उसनवारी या बेबनावाची आहे.

दुसरा पूर्वज साहित्यातला नाही. याकोब फॉन युक्सक्यूल हा बाल्टिक प्रदेशातल्या जर्मन घराण्यातला जीवशास्त्रज्ञ. प्रत्येक प्राण्याचं जग त्याच्या इंद्रियांनी आणि त्याच्या अवयवांच्या करामतींनी घडवलेलं असतं, हा त्याचा सिद्धान्त. १९३४ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या त्याच्या छोट्या पुस्तकात गेओर्ग क्रिसाटनं काढलेली चित्रं आहेत. त्यांपैकी तीन चित्रांत एकच खोली तीनदा येते. पहिली माणसाची: टेबल, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, दिवा, ताटं, पेले, प्रत्येकाचा उपयोग वेगळा म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. दुसरी कुत्र्याची: बसायच्या जागा आणि खाण्याच्या वस्तू ठळक, पुस्तकांच्या कपाटाला काही अर्थ नाही. तिसरी माशीची: दिवा आणि टेबलावरचं खाणंपिणं सोडलं तर उरलेली सगळी खोली म्हणजे चालायची वाट. खुर्ची, भिंत, कपाट यांत काही फरकच नाही.

हे तिसरं चित्र ‘बॅड मोजो’चा नकाशा म्हणून सहज खपेल. गेममध्ये झुरळ आडवं चालतं, उभं चढतं, टेबलाच्या कडेवरून पलीकडे उतरतं, आणि प्रत्येक पृष्ठभाग पडद्यावर सपाट जमिनीसारखा, थेट वरून पाहिल्यासारखा येतो. उभं-आडवं हा भेदच नाहीसा होतो. त्यामुळे सुरुवातीला खेळाडू चांगलाच गोंधळतो. आपण नेमके कुठे आहोत, हा पांढरा चकचकीत माळ म्हणजे बेसिन की फ्रीजची बाजू, हे कळायला तीन-चार पडदे ओलांडावे लागतात.

सिनेमावाल्यांनीही हा प्रयत्न फार आधी केला होता. कोवनोच्या, म्हणजे आताच्या लिथुआनियातल्या काउनासच्या संग्रहालयात काम करणाऱ्या व्लादिस्लाव स्टारेविचला १९१० च्या सुमारास शिंगवाल्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. ते भुंगे निशाचर. दिव्यांच्या झोतात ते लढेनात. मग त्यानं मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तार आणि मेण लावून एकेक चौकट हलवत झुंज उभी केली. १९१२ च्या ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’मध्ये त्यानं भुंग्याच्या संसाराची आणि बाहेरख्यालीपणाची अख्खी गोष्ट सांगितली. पण स्टारेविचचे किडे माणसासारखे वागत होते, दोन पायांवर चालत होते, बॅग हातात धरत होते. १९५७ च्या ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’चा नायक तळघरात कोळ्याशी झुंजतो, पण तोही टाचणी भाल्यासारखी हातात घेऊन. या दोन्ही वाटांनी आकार बदलतो, हात मात्र शाबूत राहतात.

कॉम्प्युटर गेममध्ये मुंगी पहिल्यांदा गांभीर्यानं आली ती १९९१ मध्ये. विल राइट आणि त्याची मॅक्सिस कंपनी यांचा ‘सिमअँट’ हा गेम एडवर्ड विल्सन आणि बर्ट होलडॉब्लर यांच्या ‘द अँट्स’ या जाडजूड ग्रंथावरून सुचला होता. त्याच वर्षी त्या ग्रंथाला पुलित्झर मिळालं. ‘सिमअँट’मध्ये खेळाडू पिवळी मुंगी होतो, गंधाच्या वाटा पाडतो, काळ्यांचं वारूळ वाढवतो, लाल मुंग्यांना हरवतो आणि शेवटी घरातल्या माणसांनाही हुसकावून लावतो. गेम उत्तम आहे. पण त्याची नजर सेनापतीची आहे, एका मुंगीची नाही. मुंगी मेली तर दुसरी मिळते.

‘बॅड मोजो’चं सख्खं भावंड वेगळंच आहे. पल्स ही कंपनी आधी ड्रू पिक्चर्स म्हणून ओळखली जायची, तिचा संस्थापक ड्रू हफमन. १९९३ साली तिनं ‘आयर्न हेलिक्स’ नावाचा गेम काढला. त्यात एका अंतराळयानावरचे सगळे लोक मेलेले आहेत, खेळाडू दूर दुसऱ्या यानात बसलाय आणि त्याच्या ताब्यात आहे एक छोटं यंत्र. रिकाम्या मार्गिकांमधून हे यंत्र सरपटत फिरतं, मृतांचे जनुकीय नमुने गोळा करतं आणि मागावर असलेल्या मारेकरी रोबोपासून जीव वाचवतं. लढायची सोय नाही. लपायचं आणि वाट शोधायची. तीन वर्षांनी त्याच मंडळींनी त्या यंत्राच्या जागी झुरळ ठेवलं असं म्हणायला हरकत नाही. लहान, निःशस्त्र, दुसऱ्यांच्या उद्ध्वस्त आयुष्यातून वाट काढणारं.

काळही अनुकूल होता. १९९३ च्या ‘मिस्ट’ या गेमनं सीडी-रॉमवर मावणाऱ्या छायाचित्रासारख्या, आधीच रंगवून ठेवलेल्या दृश्यांची चटक लावली होती. अभिनेत्यांचे चित्रफितीतले प्रसंग गेममध्ये घालायची टूम होती. पण ‘मिस्ट’च्या लेकरांमध्ये एक सवय सगळीकडे दिसायची: पडद्यावर बाण फिरवायचा, वस्तूवर टिचकी मारायची, ती उचलून झोळीत टाकायची, मग दुसऱ्या वस्तूवर वापरून पाहायची. त्या बाणाचं टोक म्हणजे माणसाचा हातच.

‘बॅड मोजो’चा दिग्दर्शक व्हिनी कॅरेलानं हा हात काढून टाकला. झोळी नाही, उचलणं नाही, बोलणं नाही. कळफलकावरच्या बाणाच्या चार कळा, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, बस. झुरळ चालू शकतं आणि अंगानं हलक्या वस्तू ढकलू शकतं. एवढ्या भांडवलावर अख्खा गेम. माणसाच्या लेखी जे झुरळासारखं झटकून टाकायचं, ते इथे मोठं संकट होतं. सांडलेल्या पाण्याची धार ओलांडता येत नाही, चिकट द्रवात पाय रुततात, विष पसरलेला पट्टा म्हणजे स्मशान, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड म्हणजे वादळ. कोळी दबा धरून बसलाय आणि फ्रान्झ मांजर पंजा उगारून. आणि कोडी सगळी एकाच जातीची: या जगातली कुठली वस्तू किंचित सरकली की माणसांच्या जगात काहीतरी मोठं घडेल?

या प्रश्नामुळे गेम निव्वळ किळसवाणा राहत नाही. किळस आहे, भरपूर आहे. ओशट भांडी, केस, मेलेले जीव यांवरून चालताना पोटात ढवळतं, आणि चित्रांचा तपशील इतका बारीक आहे की डोळा फिरवताही येत नाही. पण ठरावीक जागी पोचलं की झुरळाला आठवणी दिसू लागतात: एखादा फोटो, एखादं कागदपत्र, आणि त्यातून उलगडणारं रॉजरचं अनाथाश्रमातलं बालपण, एडीचं मोडलेलं घर, बाळंतपणात गेलेली त्याची बायको. झुरळाला इमारतीच्या पोटातून फिरवता फिरवता खेळाडूच्या लक्षात येतं की एकमेकांचा तिरस्कार करणारी ही दोन माणसं एकमेकांची कोण आहेत. माणूस असताना रॉजरनं ज्या माणसाकडे धड पाहिलंही नव्हतं, त्याच्या कपाटाखालून आणि उशाशेजारून तो आता फिरतो. गेमचे शेवट एकाहून अधिक आहेत आणि कुठला वाट्याला येणार ते झुरळ एडीसाठी काय करतं यावर ठरतं. गेम खेळणाऱ्याला इतकं निर्बल करून मग त्याच्याकडून इतकी मोठी कृती मागणं, हे त्या काळातल्या गेममध्ये क्वचितच दिसतं, आणि माझ्या मते ‘बॅड मोजो’चं मोठेपण यातच आहे.

एका बाबतीत मात्र हे झुरळ खऱ्या झुरळाच्या मागे पडतं. गेम येण्याआधी पाच वर्षं, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कली विद्यापीठात रॉबर्ट फुल आणि मायकल टू यांनी अमेरिकन झुरळाची धाव मोजली होती. सेकंदाला दीड मीटर, म्हणजे स्वतःच्या अंगाच्या लांबीच्या सुमारे ५० पट. आणि कमाल वेगात ते पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर पळत होतं. इतकं चपळ झुरळ हाती दिलं असतं तर कोडी सुटली नसती. रॉजर संथ आहे ते योग्यच आहे.

पुनरागमनाची गरज तंत्रज्ञानानंच निर्माण केली. जुन्या विंडोज आणि मॅकसाठी बांधलेला गेम नव्या यंत्रांवर धड चालेना. २००४ च्या ‘रिडक्स’मध्ये चित्रफिती सुधारल्या गेल्या, तो नव्या यंत्रणांवर चालेल असं पाहिलं गेलं, आणि निर्मितीची कहाणी सांगणारा माहितीपटही सोबत आला. नाइटडाइव्हची कथा याच दुखण्यातून सुरू होते. मध्य अमेरिकेत भटकत असताना स्टीफन किकला ‘सिस्टिम शॉक २’ खेळायचा होता, तो कुठेच धड मिळेना, म्हणून त्यानं हक्क मिळवायचा खटाटोप केला आणि त्यातून जुने गेम पुन्हा उभे करणारी कंपनी जन्मली. ‘बॅड मोजो’ तिच्या सुरुवातीच्या यादीत आला.

त्यानंतरची पिढी पाहिली की या झुरळाचा वारसा कोणी किती घेतला ते कळतं. जपानमध्ये २००१ साली प्लेस्टेशन २ वर ‘मिस्टर मॉस्किटो’ आला. त्यात डास होऊन यामादा कुटुंबाचं रक्त शोषायचं. २००९ च्या ‘डेडली क्रीचर्स’मध्ये टॅरंट्युला आणि विंचू वाळवंटात आपापल्या वाटेनं जातात आणि वर माणसांचा गुन्हा घडत असतो; एडीच्या बारचा सर्वांत जवळचा नातलग हाच. २०२० मध्ये पोलंडच्या ओव्हिड वर्क्सनं ‘मेटामॉर्फोसिस’ काढला, त्यात खेळाडू साक्षात ग्रेगोर. आणि त्याच वर्षी ऑब्सिडियनच्या ‘ग्राउंडेड’नं परसातल्या गवताचं जंगल दाखवलं आणि लाखो खेळाडू मिळवले. पण त्यातली मुलं लहान झालेली माणसंच आहेत. ती कुऱ्हाडी बनवतात, भिंती बांधतात, मुंग्यांच्या कवचाची चिलखतं चढवतात. ‘बॅड मोजो’नं काढून घेतलेले हात ‘ग्राउंडेड’नं परत दिले, आणि बाजारानं त्याचं स्वागत केलं. हातांशिवाय फिरायचं असेल तर अजूनही एडीच्या बारमध्येच जावं लागतं.