पोलिसांची शाळा आणि विधिमंडळ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे शहर आहे. तेथे घरोघर टपाल वाटणारा ऑगस्ट व्होल्मर हा तरुण १९०५ साली लोकांच्या मतांनी पोलीसप्रमुख झाला. त्याचे स्वतःचे शिक्षण बेताचेच. परंतु १९०८ साली त्यानेच शिपायांसाठी शाळा काढली आणि त्यांना फौजदारी कायदा व पुराव्याचे नियम शिकावयास लावले. तोवर दंडुका आणि बिल्ला हाती आला की शिपाई तयार झाला, अशीच बहुतेक नगरांची समजूत होती.

पण ही शाळा एका शहरापुरती. शेजारच्या नगरावर ती लादावी कशी? तेथे पोलीस हे ज्या त्या नगराचे स्वतंत्र खाते. १९५९ साली विधिमंडळाने मोठी व्यवहारी वाट काढली. भरती व प्रशिक्षण यांची किमान पात्रता ठरविणारा आयोग नेमला. ती पाळणे ऐच्छिक ठेवले. मात्र जे नगर ती पाळील, त्याला प्रशिक्षणखर्चासाठी साहाय्य देऊ केले. पैसा कोठला? गुन्हेगारांच्या दंडावर बसविलेल्या अधिभाराचा! शिपायाची फी गुन्हेगाराने भरावी, यातील गंमत विधिमंडळाच्या ध्यानी आली होती की नाही, कोण जाणे. न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी सरळ सक्तीचा मार्ग धरला.

कॅलिफोर्नियातील युक्ती लागू पडली. तरीही एका नगराने बडतर्फ केलेला शिपाई दुसऱ्या नगरात पुन्हा गणवेश चढवू शके. गंभीर गैरवर्तनाबद्दल त्याचे प्रमाणपत्रच काढून घेण्याचा पुरेसा अधिकार आयोगाला मिळाला तो २०२१ सालच्या कायद्याने, म्हणजे ६२ वर्षांनी.